थंड नको, पाणी द्या

कोल्ड्रिंकच्या दुकानात येऊन पाणी मागणारं गिऱ्हाईक कुठल्याच दुकानदाराला आवडत नाही. मलाही आवडत नसे. मी तर माठ मुद्दाम आत, मागच्या भिंतीला ठेवला होता. तो समोर दिसला असता तर उचगावच्या रस्त्यानं जाणारं निम्मं जग माझ्या बाकावर बसून फुकट गार होऊन पुढं गेलं असतं. त्यामुळं कांबळे बाई पहिल्यांदा दुकानात आल्या, बाकावर बसल्या आणि "पाणी द्या" म्हणाल्या, तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"थंड काय देऊ? काळी का नारिंगी?"

"थंड नको, पाणी द्या."

नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. समोरच्या सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्याचं मला कळलं होतं. ठेंगणा बांधा, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि आवाज असा की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस दचकावा. शेजारधर्म म्हणून मी नारिंगीची एक बाटली फोडून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती एका बोटानं माझ्याकडं सरकवली आणि बसून राहिल्या. शेवटी मीच उठून माठातलं पाणी आणलं.

कोल्हापुरात बरीच माणसं पाणी वरून पितात, घशात ओततात. बाईंनी ग्लासला तोंड लावलं. सावकाश, सगळं पाणी प्याल्या आणि रिकामा ग्लास टेबलावर पालथा घातला. आता उठतील असं मला वाटलं. पण त्या बसूनच होत्या. मी ग्लास उचलला, बाकीच्या ग्लासांबरोबर बादलीत खंगाळला आणि फळीवर ठेवला. तो फळीवर जाईपर्यंत बाईंची नजर माझ्या हातावर होती. ती कशासाठी होती ते मला कळलं नाही. मी तालमीत वाढलेला माणूस. तिथं दहाजण एकाच गडव्यानं थंडाई प्यायचे. ग्लासाकडं एवढं काय बघायचं?

मग त्या उठल्या आणि मुद्द्यावर आल्या.

"पलीकडच्या वस्तीतल्या आप्पांची मी थोरली. आप्पांच्या दारात बाटल्या तुमच्याकडनंच जातात न्हवं?"

"जातात की!" मी अभिमानानं म्हणालो. आप्पा म्हणजे माझं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक.

"त्यांना साखर हाय, सर्जेराव. गेल्या वर्षी पायाचं बोट काढलंय. उद्यापासनं देऊ नका."

आपल्या दुकानात येऊन, आपलंच पाणी पिऊन, आपलंच गिऱ्हाईक तोडायला निघालेली बाई मी तोवर बघितली नव्हती. मी म्हणालो, "मी न्हाय दिली तर पुढच्या चौकातला देईल, बाई. मग काय करणार?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "व्हय, ते बी खरं हाय," म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून निघून गेल्या. विषय संपला असं मला वाटलं. कांबळे बाईंचा विषय असा संपत नसतो, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

आप्पांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आप्पा सूतगिरणीतून निवृत्त झालेले. वस्तीतली सगळी घरं बौद्धांची, आणि वस्तीचं कुठलंही काम आप्पांच्या दारातूनच व्हायचं. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दारात पत्र्याच्या सावलीला दोन लांब बाकं. मत मागायला आलेला पुढारी, सोसायटीचा चेअरमन, नळाची मोजणी करायला आलेला साहेब, जो येईल तो त्या बाकावर बसायचा. तो बसला की आप्पांचा निरोप माझ्याकडं यायचा आणि बाटल्या जायच्या. आप्पा पावण्यासमोर स्वतःच्या हातानं बूच उघडायचे. पावण्यानं एकट्यानं प्यायचं हे त्यांना पटत नसे, म्हणून एक बाटली स्वतःसाठीही उघडायचे. दिवसातून किती पावणे यायचे त्यावर आप्पांची साखर ठरायची. एक बोट गेलं होतं तरी पावण्याबरोबरची बाटली काही चुकली नव्हती. मला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे!

बाईंच्या दवाखान्याची तऱ्हा निराळी होती. बाई माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायच्या, आधी पायाकडं. आत आलेल्या पेशंटला पहिलं वाक्य असायचं, "चप्पल काढा." आणि दुसरं, "काल काय प्याला?" हा दुसरा प्रश्न ऐकून भले भले पैलवान खाली मान घालायचे. बायको शेजारी बसलेली असली तर विचारूच नका. एकजण तर हात जोडून म्हणाला होता, "बाई, फक्त शनवारी." तेव्हा बाई ओरडल्या होत्या, "दारूचं न्हाय विचारत! ती पिता ते मला वासानं कळतं. बाटलीचं विचारते, थंड!" हा आवाज रस्ता ओलांडून माझ्या दुकानात यायचा, आणि माझ्या दुकानात ओठाला नळी लावून बसलेलं गिऱ्हाईक हातातली बाटली टेबलाखाली धरायचं. धंद्याला असा शेजार असू नये.

पण माझ्या आईच्या टाचेला जखम झाली आणि भरेना, तेव्हा मला रस्ता ओलांडावाच लागला. आई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात वाढलेली, दवाखान्यात यायला तयार नव्हती. बाई म्हणाल्या, "मी येते."

संध्याकाळी बाई घरी आल्या. आईचा पाय त्यांनी सरळ आपल्या मांडीवर घेतला, जखम साफ केली, पट्टी बांधली. आई अवघडून गेली होती. काम झाल्यावर ती मला म्हणाली, "अरं, डाक्तरीणबाईस्नी थंड आण की दुकानातलं."

"थंड नको मावशी, पाणी द्या," बाई म्हणाल्या.

आई उठली. स्वयंपाकघराच्या दारात ती जरा जास्त वेळ उभी राहिली. मग पाणी आणलं. बाई तोंड लावून पाणी प्याल्या आणि ग्लास पालथा घालून गेल्या. त्या गेल्यावर आईनं तो ग्लास उचलला आणि आत न नेता बाहेर न्हाणीच्या खिडकीत ठेवला. मी बघत होतो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या दुकानात बाई माझ्या हाताकडं का बघत होत्या, ते मला त्या खिडकीतल्या ग्लासानं सांगितलं.

पुढच्या खेपेला आईनं पुन्हा म्हटलं, "थंड आण." बाई पुन्हा म्हणाल्या, "पाणी द्या." पाणी आलं ते खिडकीतल्याच ग्लासातून. बाईंना ते दिसत होतं. मला दिसतंय हेही त्यांना दिसत होतं. मी लाजेनं मेल्यासारखा झालो आणि आईवर ओरडणार एवढ्यात बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो. त्या पाणी प्याल्या, आईचा पाय मांडीवर घेतला आणि तिच्या माहेरची चौकशी करत बसल्या. असं महिनाभर चाललं. जखम भरत आली. एके दिवशी बाईंनी पाणी मागितलं आणि आई आत गेली, तेव्हा बाई मान वळवून स्वयंपाकघराकडं बघत राहिल्या. आईनं ग्लास मांडणीतून काढला होता, आमच्या सगळ्यांच्या ग्लासांतून. बाई त्या दिवशी पाण्यानंतर चहासुद्धा प्याल्या, बिनसाखरेचा. आईला तो चहा म्हणजे पावण्याचा अपमान वाटला, ते वेगळं.

त्या दिवसापासून मला माझ्याच बाटल्यांचा हिशेब नव्यानं दिसायला लागला. आप्पांच्या बाकावर बसणारी मोठी माणसं बाटलीच का पितात, ते कळलं. बाटली कारखान्यातून बंद होऊन येते. तिला कुणाच्या घरचा हात लागत नाही, कुणाच्या घरचं भांडं लागत नाही. आणि वस्तीतला एखादा मास्तर कामानिमित्त पेठेतल्या बंगल्यात गेला की तिथूनही माझ्याकडं निरोप यायचा, "दोन थंड पाठवा." तिथंही कप-बशीची अडचण बाटली सोडवायची. दोन्हीकडची अडचण मी विकत होतो आणि दोन्हीकडं त्याला पाहुणचार म्हणत होते.

त्याच सुमारास बाईंनी ते कराचं काढलं.

त्या काळी शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात लागायची. बाईंचं म्हणणं असं की बाटलीतल्या गोड थंड पेयांवर जकात वाढवा आणि त्या वाढीव जकातीतून दवाखान्यात साखरेची तपासणी फुकट करा. हे त्यांनी वॉर्डाच्या नगरसेवकाच्या डोक्यात भरवलं. बातमी आम्हा दुकानदारांना कळली आणि एकच गोंधळ उडाला. रातोरात संघटना उभी राहिली. माझ्याकडं स्कूटर होती म्हणून मला उपाध्यक्ष केलं. संघटनेनं बाईंना तालमीच्या हॉलमध्ये चर्चेला बोलावलं. चर्चा म्हणजे काय, सगळ्यांनी मिळून एकीला घेरायचं.

त्या एकट्या आल्या. समोर चाळीसेक दुकानदार, मध्ये बाटल्यांचे एजन्सीवाले. टेबलावर कुणीतरी खोडसाळपणानं त्यांच्यापुढं थंडगार बाटली ठेवली होती. बाईंनी ती बाजूला केली आणि म्हणाल्या, "पाणी द्या."

मी बोललो. आजही मला वाटतं, माझे मुद्दे खोटे नव्हते. मी म्हणालो, "बाई, हा उसाचा जिल्हा. इथं गूळ हाय, साखर हाय, पेढा हाय, बासुंदी हाय. कर मात्र बाटलीलाच का? गरीब माणूस उन्हातनं येतो, दोन घटका गार होतो. त्याच्या तोंडचं काढताय तुम्ही. आन् जकात वाढली तर लोकं उचगावात जाऊन आणतील, हद्दीच्या भाईर. मग ना तुम्हाला जकात, ना आम्हाला धंदा."

"पेढा माणूस सणाला खातो, सर्जेराव. बाटली रोज दारात येती," बाई म्हणाल्या. "मी बंदी मागत न्हाय. थोडी महाग करा म्हणते. ज्याच्या घरात चार फुटतात तिथं दोन फुटतील. आन् उचगावला चालत जाऊन आणली तर तेवढं चालणं तरी होईल."

लोक हसले. पण एजन्सीवाल्याला हसणं परवडणारं नव्हतं. तो उठला.

"बाई, ज्याच्यावर कर मागताय ते कधी पिऊन तरी बघितलंय का?"

"न्हाय," बाई म्हणाल्या. "एकदा बी न्हाय."

हॉल खो खो हसला. त्या हसण्याचा जोर धरून मागून कुणीतरी ओरडलं, "घरात बापाची साखर आवरंना, आन् गावाला कर लावायला निघाली!"

हसणं एकदम थांबलं. चेष्टा कुठवर करायची याचं भान असलेली माणसंही तिथं होती. मी बाईंकडं बघितलं. त्यांचा हात पाण्याच्या ग्लासावर होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता, म्हणून सगळे कान देऊन ऐकत होते. "बापाची आवरली न्हाय. मी डॉक्टर हाय, मी मुलगी हाय, मी रोज सांगते, तरी आवरली न्हाय. मग ज्याच्या घरात डॉक्टर न्हाय त्याची कशी आवरंल? म्हणून आले."

त्यांनी ग्लास पालथा घातला आणि निघून गेल्या. चर्चेत आम्ही जिंकलो असं अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्या फारशा पडल्या नाहीत.

नगरसेवक कसलेला गडी होता. त्यानं बाईंना ना हो म्हटलं ना नाही. तो म्हणाला, "तुमच्याच वस्तीत सगळ्यांत जास्त बाटल्या जातात. आप्पांनी माझ्या तोंडावर सांगू द्या, कर लावा म्हणून. मी पुढच्या सभेत विषय मांडतो." आप्पा असं कधीच म्हणणार नाहीत, याची त्याला खात्री होती. मलाही होती. म्हणून त्या रविवारी आप्पांचा निरोप आला तेव्हा बाटल्यांचं खोकं घेऊन मी स्वतःच स्कूटरवरून गेलो. आप्पांचं ते ‘नाही’ मला माझ्या कानानं ऐकायचं होतं.

दोन्ही बाकं भरली होती. नगरसेवक मध्यभागी. वस्तीतली माणसं भोवती उभी. आप्पा खुर्चीवर, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला नवी पट्टी. दुसरं बोट काळं पडत होतं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी खोकं खाली ठेवलं.

"सर्जेराव, आज तुम्हीच फोडा," आप्पा म्हणाले.

मी पहिली बाटली फोडली आणि घरातून बाई आल्या. हातात ताट, ताटात तांब्या आणि दोन-चार ग्लास. त्यांनी एक ग्लास भरला आणि नगरसेवकापुढं धरला.

"आधी पाणी घ्या, साहेब."

"नको नको, बाई," तो हसत म्हणाला. "आत्ताच घेऊन निघालोय." आणि त्याचा दुसरा हात मी फोडलेल्या बाटलीकडं गेला. अगदी सहज गेला. त्यानं एक घोट घेतलासुद्धा.

"पाणी नको, आन् बाटली चालती?" बाई म्हणाल्या.

आप्पांचा चेहरा लाल झाला. "बाय, आत जा."

"न्हाय जात. एवढं एकदा बघू दे मला, आप्पा."

मी तहानलो होतो. मी ताटातला दुसरा ग्लास तांब्यातनं भरून पाणी प्यालो. पण माझ्या पिण्याला तिथं काही किंमत नव्हती. मी बाटल्या आणणारा माणूस. सगळ्यांचे डोळे त्या एका हातातल्या भरल्या ग्लासावर होते आणि बाई तो हात खाली घेत नव्हत्या.

आप्पा खुर्चीवरून उठले. पाय टेकताना त्यांना कळ आली, ती त्यांनी गिळली.

"तुला म्हाईत न्हाय व्हय, बाय?" ते म्हणाले. त्यांचा आवाजही लेकीसारखाच, दूरवर जाणारा. "ह्या दारात मोठी माणसं उभ्या उभ्या बोलून जायची. बसायचीच न्हाईत. पाणी पुढं आलं की त्यांना काम आठवायचं. बाटली आली तवापासनं बसायला लागली. बसली म्हणून दिवा आला. बसली म्हणून गटार झालं. बसली म्हणून नळ आला! माझं एक बोट गेलं, दुसरं जातंय. जाऊ दे की! बोटापरास नळ मोठा हाय का न्हाय, तूच सांग. हाय का न्हाय?"

वस्तीतली माणसं माना हलवत होती. खरं सांगतो, माझीही मान हलली. मी इतकी वर्षं त्या दारात बाटल्या टाकल्या, पण आप्पा त्या बाटल्यांतून काय उभं करत होते, ते मला त्या क्षणी कळलं. ह्या माणसापुढं माझी संघटना, माझी जकात, सगळं पोरखेळ होतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नाही.

"मोठा हाय, आप्पा. नळ मोठा हाय. पण त्या नळाला पाणी आलं, ते कोण पितंय?"

आप्पांनी लेकीच्या हातातल्या ग्लासाकडं बघितलं. मग नगरसेवकाकडं. मग पुढं होऊन तो ग्लास त्यांनी स्वतः घेतला आणि त्याच्यापुढं धरला.

"घ्या साहेब. नळ तुम्हीच दिलाय. तुमच्याच नळाचं हाय."

नगरसेवकानं इकडं तिकडं बघितलं. हातातली बाटली खाली ठेवली, पुन्हा उचलली. "आप्पा, काय आहे, मला डॉक्टरनं बाहेरचं पाणी बंद केलंय," तो म्हणाला आणि हसला. त्याच्याबरोबर कुणीही हसलं नाही.

मग आप्पांनी तो ग्लास ओठाला लावला आणि सगळं पाणी प्याले. रिकामा ग्लास ताटात पालथा घातला. लेक कशी घालते, अगदी तसाच.

"मांडा तुमचा कर," ते म्हणाले. "व्हऊ दे म्हाग. सर्जेराव, खोकं परत न्या."

मी ते खोकं परत नेलं. बाटल्यांचा खडखडाट वस्तीच्या टोकापर्यंत माझ्या कानात होता.

कर काही लागला नाही. विषय पत्रिकेवर यायचा आणि पुढच्या सभेकडं ढकलला जायचा, असं बरेच दिवस चाललं. मग निवडणूक आली आणि तो विषय कुठं गेला, कुणी विचारलंही नाही. संघटनेनं पेढे वाटले. मी माझा वाटा घेतला आणि खाल्ला. तो कर मला तेव्हाही पटला नव्हता आणि पुढंही बाईंशी त्यावरून माझं भांडण चालूच राहिलं. त्या दुकानात यायच्या, पाणी प्यायच्या, ग्लास पालथा घालायच्या आणि मी विचारायचो, "काय बाई, कराचं काय झालं?" त्या म्हणायच्या, "लागंल की. तुमच्या माझ्या हयातीत न्हाय, पण लागंल."

पण आप्पांनी त्या रविवारनंतर बाटलीला हात लावला नाही. नगरसेवकही त्यानंतर त्या बाकावर बसला नाही. इतरही हळूहळू कमी झाले. कारण आता तिथं बसलं की आधी पाणी पुढं यायचं, आणि पाण्याला उत्तर द्यावं लागायचं. काहीजण प्यायला लागले, हे मी डोळ्यानं बघितलंय. एक तरुण इंजिनिअर तर दुसरा ग्लास मागून प्याला होता, आणि आप्पांनी ती गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल! पण बरीच माणसं रस्त्यावरूनच हात करून जायला लागली. आप्पा एकटे बाकावर बसलेले दिसायचे, शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. बाईंनी बाप बाटलीतून सोडवला होता आणि त्याचं दार ओस पाडलं होतं. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि बाईंना दोन्ही माहीत होत्या. दवाखान्यातला त्यांचा आवाज त्या काळात जास्तच चढला होता.

साखरेनं मात्र उशिरा आलेलं शहाणपण मानलं नाही. बोटं गेली, मग पाऊल गेलं. नवं शतक उजाडलं, माझ्या दुकानात काचेच्या बाटल्यांशेजारी प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटल्या आल्या, त्या घराघरांत जायला लागल्या. आणि एका उन्हाळ्यात आप्पा गेले.

बौद्ध रीतीप्रमाणं आप्पांच्या मागं जलदानाचा विधी व्हायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाई दुकानात आल्या आणि नेहमीच्या बाकावर बसल्या. मी न विचारता फळीवरचा ग्लास काढला आणि माठाकडं निघालो.

"पाणी नको, सर्जेराव," त्या म्हणाल्या. "एक नारिंगी द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तसाच उभा राहिलो. त्या पुन्हा म्हणाल्या, "द्या की. फोडून द्या."

मी बाटली फोडून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.

"शेवटच्या आठवड्यात आप्पा हीच मागत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आप्पा, आता कुणासाठी? पावणं न्हाय, साहेब न्हाय. तर म्हणाले, माझ्यासाठी. मला आवडती ग, बाय. एक घोट दे." त्यांनी बाटली टेबलावर फिरवली. "मी इतकी वर्षं समजत होते, मानासाठी पितात. त्यांना नुसती आवडत बी होती. मी दिली न्हाय."

मी हातातला ग्लास परत फळीवर ठेवला.

बाईंनी बाटली ओठाला लावली. एक घोट घेतला. डोळे मिटले.

"चांगली लागती की हो," त्या म्हणाल्या आणि त्यांचे गाल ओले झाले. "इतकी चांगली लागती, हे मला कुणीच सांगितलं न्हाय."

"बाई," मी कसाबसा म्हणालो, "जाऊ दे आता ते कराचं आन् साखरेचं."

"न्हाय, सर्जेराव. कर पाहिजेच होता." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "इतकी चांगली लागती म्हणूनच पाहिजे होता. न्हाय म्हणायचं काम सगळ्या गावानं वाटून घेतलं असतं. माझ्या आप्पांना मला एकटीला न्हाय म्हणायला लागलं."

बाटली जवळजवळ भरलेलीच होती. ती तशीच टेबलावर ठेवून त्या उठल्या. पुढं त्यांची बदली झाली आणि त्या परत माझ्या दुकानात कधी आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी रस्ता ओलांडला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारा धोतर सावरत बसला होता. त्याच्यासमोर उभं राहून बाईंनी आधी त्याच्या पायाकडं बघितलं. मग तो आवाज रस्ता ओलांडून माझ्या दुकानापर्यंत आला, नेहमीसारखा, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा.

"चप्पल काढा, बाबा. काल काय प्याला?"